रोजच्या प्रवासासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्हीतील ऑल-व्हील ड्राइव्ह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना ऑल-व्हील ड्राइव्हचा पर्याय समोर आला की बहुतेक ग्राहक एखाद्या टोकाला जातात. काहीजण तिला सुरक्षिततेची हमी मानून डोळे झाकून घेतात, तर काहीजण इंधन खाणारा बोजा म्हणून लगेच नाकारतात. पुढील उत्तरे रोज कामावर जाण्या-येण्यासाठी गाडी वापरणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. दगडधोंड्यांतून आणि वाळूतून गाडी काढण्याचा छंद हा वेगळा विषय आहे आणि त्याचे निकषही वेगळे आहेत.

ऑल-व्हील ड्राइव्ह नेमके काय करते आणि काय करत नाही?

इंजिनाची किंवा मोटरची ताकद दोनऐवजी चार चाकांतून रस्त्यावर उतरवणे, एवढेच तिचे काम आहे. गाडी जागेवरून हलवताना, वेग वाढवताना आणि चढ चढताना त्याचा उपयोग होतो. हा फरक किती मोठा असू शकतो, हे एका साध्या गणितावरून कळते. आडव्या इंजिनाच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत पुढच्या चाकांवर वजनाचा साधारण ६० टक्के भार असतो. दबलेल्या बर्फावर टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.२ धरला, तर केवळ पुढची चाके चालवणारी गाडी सुमारे ११ टक्के चढावर थांबते, कारण चढावर वजन मागे सरकते आणि नेमकी ओढणारी चाके हलकी होतात. त्याच टायरांवर चारही चाके चालवणारी गाडी तत्त्वतः २० टक्क्यांपर्यंतचा चढ चढू शकते.

ब्रेक लावताना मात्र हा फायदा शून्य होतो. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांवरच लागतात, त्यामुळे गाडी थांबण्याचे अंतर केवळ टायर, रस्ता आणि वेग यांवर ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ सोडून, कोरड्या डांबरावर सुमारे १२ मीटरांत थांबते, ओल्या रस्त्यावर सुमारे २० मीटर घेते, दबलेल्या बर्फावर ४९ मीटरांपर्यंत जाते आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर जवळजवळ १०० मीटर घसरत जाऊ शकते. यात ऑल-व्हील ड्राइव्हमुळे एका मीटरचाही फरक पडत नाही. उलट अशी गाडी निसरड्या रस्त्यावर इतक्या सहज वेग पकडते की पकड कमी असल्याचा इशाराच चालकाला मिळत नाही, आणि या प्रणालीचा खरा धोका मला यातच दिसतो.

वळणावरही तसेच आहे. वळताना गाडीला आत धरून ठेवणारी बाजूची पकड टायर देतो. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, तर चार चाकांत विभागलेला टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, गाडी स्थिर ठेवायला मदत करतो. पण वळणात जास्त वेगाने शिरलेल्या गाडीला कोणतीही ड्राइव्ह प्रणाली वाचवू शकत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह यांत काय फरक आहे?

सुझुकी जिम्नीसारख्या गाडीतील पारंपरिक फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा आस, ट्रान्सफर केस या गिअरच्या पेटीतून एकमेकांना घट्ट जोडला जातो आणि मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअररचना, नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घ्यायला जागाच नसल्याने कोरड्या रस्त्यावर यंत्रणेला पीळ बसतो, टायर घासतात आणि भाग झिजतात. म्हणून ती गरज असेल तेव्हाच जोडायची असते. ऑल-व्हील ड्राइव्ह कोणत्याही पृष्ठभागावर आपोआप चालते आणि चालकाने काही निवडण्याची गरज नसते. रोजच्या प्रवासात रस्ता कुठे कोरडा, कुठे ओला, तर कुठे सावलीत गोठलेला असतो, त्यामुळे इथे ऑल-व्हील ड्राइव्हच सोयीची आहे.

कॉम्पॅक्ट एसयूव्हींमध्ये कोणकोणत्या प्रणाली आढळतात?

नावे प्रत्येक कंपनीची निराळी असली, तरी आतली रचना पाहिली तर चारच घराणी उरतात.

पहिल्यात सर्व चाकांना सतत टॉर्क मिळतो. या वर्गात याचे ठळक उदाहरण सुबारूच्या फॉरेस्टर आणि क्रॉसट्रेक या गाड्या आहेत.

दुसरे घराणे सर्वांत मोठे आहे. गाडी मुळात फ्रंट-व्हील ड्राइव्ह असते, ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी अनेक चकत्यांचा, संगणकाने नियंत्रित होणारा क्लच बसवलेला असतो. क्लच दाबला गेला की मागची चाके कामाला लागतात. होंडा सीआर-व्ही, माझदा सीएक्स-५, ह्युंदाई टक्सन, फोक्सवॅगन टिग्वान आणि सुझुकी विटारा यांच्या यांत्रिक ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्त्या याच पठडीतल्या आहेत.

तिसरे घराणे दुसऱ्याचीच पुढची पायरी आहे. वरच्या रचनेत क्लच सैल असतानाही प्रोपेलर शाफ्ट आणि मागचे गिअर फिरतच राहतात आणि तेल घुसळण्यात ऊर्जा वाया जाते. ती वाचवण्यासाठी काही गाड्यांमध्ये शाफ्ट दोन्ही टोकांनी सुटा करून थांबवला जातो. २०१४ च्या जीप चेरोकीपासून जीपने ही पद्धत वापरली, पाचव्या पिढीच्या टोयोटा रॅव्ह-फोरच्या काही पेट्रोल आवृत्त्यांतही ती आली. कायमस्वरूपी ऑल-व्हील ड्राइव्हशी जिचे नाव १९८० पासून जोडले गेले, त्या ऑडीनेही २०१६ मध्ये गरज नसताना मागची चाके सोडणारी क्वात्रो प्रणाली आणली. कारखान्यांचा कल कुठे आहे, हे यावरून समजते.

चौथ्या घराण्यात पुढून मागे जाणारा शाफ्टच नसतो. मागच्या चाकांसाठी स्वतंत्र विद्युत मोटर असते. टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड, २०१३ पासूनची मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड, निसान एक्स-ट्रेलची ई-फोर्स आवृत्ती आणि दोन मोटरींच्या सर्व विद्युत एसयूव्ही या गटात येतात.

गरजेपुरती जोडली जाणारी प्रणाली उशिरा जागी होते, असे म्हणतात. हे खरे आहे का?

एकेकाळी हे पूर्ण खरे होते. जुन्या व्हिस्कस कपलिंगमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या सांध्यात, सिलिकॉनचे दाट द्रव असे. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू लागल्यावर ते द्रव चकत्यांमध्ये घुसळले जाई आणि मग टॉर्क मागे जाई. होंडाच्या सुरुवातीच्या सीआर-व्हीमध्ये दोन पंप होते, एक पुढच्या आणि एक मागच्या गतीशी जोडलेला. दोघांत फरक पडला तरच तेलाचा दाब तयार होऊन क्लच आवळला जाई. दोन्ही पद्धतींत आधी चाक जागेवर गरगर फिरणे अपरिहार्य होते. १९९८ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या गोल्फ आणि ऑडी टीटीमध्ये आलेल्या हॅल्डेक्स कपलिंगने इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले, पण पहिल्या पिढ्यांमध्ये तेलाचा दाब गतीतील फरकातूनच निर्माण होत असे; विजेच्या पंपाने आधीच दाब तयार ठेवण्याची सोय नंतरच्या पिढ्यांत आली.

आताच्या प्रणाली चाक घसरण्याची वाट पाहत नाहीत. ॲक्सिलरेटर किती वेगाने दाबला, स्टिअरिंग किती वळले, गाडी चढावर आहे का, हे पाहून गाडी हलण्यापूर्वीच क्लच थोडा आवळला जातो. माझदाची प्रणाली बाहेरचे तापमान आणि काच पुसणारे वायपर चालू आहेत की नाहीत, हेसुद्धा विचारात घेते. म्हणून थांब्यावरून निघताना जवळजवळ प्रत्येक आधुनिक प्रणाली मागच्या चाकांना थोडी ताकद आगाऊ देते. रोजच्या प्रवासात ऑल-व्हील ड्राइव्हची गरज बहुतांशी याच क्षणी पडते, त्यामुळे उशिराचा आक्षेप नव्या गाडीला फारसा लागू होत नाही. दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र तो गंभीरपणे घ्यावा.

सुबारूची कायमस्वरूपी प्रणाली खरोखर वेगळी आहे का?

वेगळी आहे, पण समजली जाते तितकी नाही. सुबारूचे बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडवे सिलिंडर असलेले, इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि त्यामागे गिअरबॉक्स सरळ रेषेत असतो, त्यामुळे मागच्या ॲक्सलकडे जाणारा मार्ग मूळ रचनेचाच भाग ठरतो. तथापि सीव्हीटी, म्हणजे ठरावीक पायऱ्यांशिवाय गुणोत्तर बदलणारा स्वयंचलित, गिअरबॉक्स असलेल्या आवृत्त्यांतही टॉर्कची वाटणी अनेक चकत्यांचा क्लचच करतो. साधारण वाटणी पुढे ६० आणि मागे ४० टक्के अशी सांगितली जाते आणि परिस्थितीप्रमाणे ती बदलते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाड्यांत मधले डिफरन्शियल आणि व्हिस्कस कपलिंग यांच्या साहाय्याने ती ५०:५० असते.

फरक आहे तो तत्त्वाचा. इतर गाड्या इंधन वाचवण्यासाठी मागची चाके शक्य तितकी मोकळी ठेवतात, सुबारू ती कामात ठेवते. ज्यांच्या मार्गावर वर्षातील अनेक आठवडे बर्फ किंवा चिखल असतो, त्यांना यातून मिळणारा सलग, अंदाज बांधता येणारा स्वभाव मोलाचा वाटतो, आणि तो तसा आहेही. वर्षातून चार दिवस निसरडे असणाऱ्यांना तो जाणवण्याची शक्यता कमी आहे.

“५० टक्के टॉर्क मागे” किंवा “८० टक्क्यांपर्यंत मागे” या आकड्यांचा अर्थ काय घ्यावा?

हे आकडे जपून वाचावेत. क्लच पूर्ण आवळला गेला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गतीने फिरतात आणि त्यानंतर टॉर्कची वाटणी रस्त्याची पकड ठरवते. पुढची दोन्ही चाके गोठलेल्या पाण्यावर असतील, तर रस्त्यापर्यंत पोहोचणारी जवळजवळ सगळी ओढ मागूनच येईल. अट एवढीच की क्लचला तेवढा भार पेलला पाहिजे. म्हणजे “५० टक्के” हे केवळ दोन्ही ॲक्सल एकत्र जोडले जातात याचे वर्णन आहे.

पाचव्या पिढीच्या रॅव्ह-फोर हायब्रिडमध्ये ८० टक्क्यांपर्यंत टॉर्क मागे जाऊ शकतो असे सांगितले जाते. आकडा खरा आहे, पण मागची मोटर ४० किलोवॉटची आहे आणि तिच्या क्षमतेपलीकडे मागे काहीच जाऊ शकत नाही. पुढची ताकद कमी केली की मागचे प्रमाण आपोआप वाढते. टक्केवारी म्हणजे ताकद नव्हे, हे लक्षात ठेवले तर जाहिरातींतील तुलना बरीच सोपी होते.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत कधीच दिसत नाही: डाव्या आणि उजव्या चाकांमधील वाटणी. साध्या डिफरन्शियलमुळे एका ॲक्सलवरील एक चाक निसरड्यावर गेले की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा टॉर्क मिळतो. त्यावर उपाय म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद पलीकडे ढकलते. हे काम किती तत्परतेने होते, यावर गाडी चढावरून निघते की अडकते हे ठरते, आणि दोन गाड्यांतील प्रत्यक्ष फरक बहुधा इथेच पडतो. पाचव्या पिढीच्या रॅव्ह-फोरच्या काही पेट्रोल आवृत्त्यांत मागच्या प्रत्येक चाकासाठी वेगळा क्लच आहे. त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकाला अधिक टॉर्क देता येतो.

हायब्रिडमधील मागची मोटर यांत्रिक प्रणालीइतकी भरवशाची आहे का?

गर्दीच्या शहरी मार्गासाठी ती माझ्या मते सर्वांत समंजस रचना आहे. विद्युत मोटर अत्यंत त्वरित प्रतिसाद देते, शाफ्टचा सांगाडा नसतो आणि वेग कमी करताना मागच्या चाकांतूनही ऊर्जा परत बॅटरीत भरता येते. थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत या शेवटच्या गोष्टीचा फायदा रोज मिळतो.

तिची मर्यादा लांब आणि खडतर चढावर दिसते. लहान मोटर सतत जोर लावत राहिली तर तापते आणि नियंत्रक तिची ताकद कमी करतो. म्हणून लांबलचक निसरडा घाट रोज चढणाऱ्याने छोट्या मोटरीच्या हायब्रिडपेक्षा यांत्रिक क्लचची गाडी, किंवा मागे दमदार मोटर असलेली गाडी निवडावी. एक्स-ट्रेलच्या ई-फोर्स आवृत्तीत पेट्रोल इंजिन फक्त वीज तयार करते आणि पुढची-मागची चाके मोटरीच फिरवतात, त्यामुळे ती शुद्ध विद्युत गाडीच्या जवळ जाते. तापण्याची अडचण यांत्रिक क्लचलाही आहे: खोल वाळूत किंवा बर्फात चाके बराच वेळ फिरवत ठेवली, तर क्लच स्वतःला वाचवण्यासाठी मोकळा होतो आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. अशा वेळी थांबून तो थंड होऊ देणे, हाच उपाय आहे.

इंधन किती जास्त लागते?

वजनात साधारण ५० ते ८० किलोंची भर पडते आणि फिरणारे भाग वाढतात. २०२३ च्या होंडा सीआर-व्हीच्या अमेरिकेतील अधिकृत आकड्यांनुसार, पेट्रोल आवृत्तीचे शहर आणि महामार्ग मिळून मायलेज फ्रंट-व्हील ड्राइव्हमध्ये गॅलनला ३० मैल आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये २९ मैल आहे, म्हणजे लिटरला सुमारे १२.८ आणि १२.३ किलोमीटर. हायब्रिडमध्ये ही तफावत ४० आणि ३७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १७ आणि १५.७ किलोमीटर इतकी आहे. सीआर-व्ही हायब्रिडची ऑल-व्हील ड्राइव्ह यांत्रिक शाफ्टचीच आहे, हे इथे नमूद करायला हवे. एकंदरीत ३ ते ८ टक्के जादा खर्च गृहीत धरावा.

टायर महत्त्वाचे की प्रणाली?

टायर. याबाबत माझ्या मनात कोणतीही शंका नाही. प्रणाली उपलब्ध पकड चार चाकांत वाटते. पकड निर्माण करण्याचे काम रबर करते. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, तर हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतील बारीक चिरा बर्फाला धरतात. हिवाळी टायर लावलेली फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी बर्फावर थांबण्यात आणि वळण्यात उन्हाळी टायरांच्या ऑल-व्हील ड्राइव्हपेक्षा स्पष्टपणे सरस ठरते. निघण्यात आणि चढण्यात मात्र दुसरी पुढे जाऊ शकते. वर्षभराचे टायर घेताना बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आहे का, ते पाहावे, कारण ते बर्फावरील चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते.

एकाच गोष्टीवर खर्च करण्याची ऐपत असेल, तर तो टायरांवर करावा.

मुसळधार पावसात उपयोग होतो का?

थोडा. ओल्या चौकातून चटकन निघताना, रस्त्यावरच्या रंगाच्या पट्ट्यांवर किंवा लोखंडी झाकणांवर पुढची चाके फिरतात, ते थांबते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले, तर मात्र चारही चाकांची पकड एकदमच जाते. तिथे नक्षीची खोली आणि कमी वेग हेच कामाला येतात.

लॉक बटण आणि स्नो मोड कधी वापरावेत?

लॉक क्लच आवळून ठेवतो. रुतलेली गाडी काढताना किंवा खडा निसरडा चढ सुरू करताना तो उपयोगी आहे. बहुतेक गाड्यांत ठरावीक वेगानंतर तो आपोआप सुटतो, आणि कोरड्या रस्त्यावर तो लावून फिरू नये. स्नो मोड ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद सौम्य करतो आणि ताकद आधीपासून वाटून ठेवतो. निसरड्या सकाळी तो घरातून निघतानाच लावावा, अडकल्यावर नव्हे.

देखभालीत काय बदलते?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. एक टायर नवा आणि तीन झिजलेले असतील, तर चाकांचा घेर वेगळा पडतो, संगणकाला चाक घसरल्याचा भास होतो आणि क्लच विनाकारण काम करत तापत राहतो. सुबारू चार टायरांच्या घेरातील फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावा असे सांगते. याचा व्यावहारिक अर्थ असा की एक टायर फाटला तर कधीकधी दोन किंवा चारही बदलावे लागतात, आणि हा खर्च खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. टायरांची अदलाबदल वेळेवर केली, तर ती पाळी सहसा येत नाही.

मागच्या डिफरन्शियलचे आणि कपलिंगचे तेल कंपनीने दिलेल्या मुदतीत बदलावे, आणि कंपनीने सांगितलेलेच वापरावे. बंद पडलेली गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. ती पूर्ण उचलून सपाट वाहनावरूनच न्यावी.

मग माझ्यासाठी कोणती?

मार्ग सपाट असेल, रस्ते नियमित साफ होत असतील आणि निसरडे दिवस मोजकेच असतील, तर फ्रंट-व्हील ड्राइव्ह आणि उत्तम टायर पुरेसे आहेत. उताराच्या गल्लीत घर असेल, कच्च्या वाटेवरून मुख्य रस्त्याला लागावे लागत असेल किंवा पहाटे रस्ता साफ होण्यापूर्वी निघावे लागत असेल, तर क्लचवर चालणारी कोणतीही आधुनिक प्रणाली काम भागवते, आणि तिथे ब्रँडपेक्षा गाडीची जमिनीपासूनची उंची, आसने आणि दृश्यमानता यांकडे पाहावे. शहरातील संथ वाहतूक आणि अधूनमधून निसरडा रस्ता असा मेळ असेल, तर मागच्या मोटरीचा हायब्रिड घ्यावा. दीर्घ हिवाळा आणि डोंगराळ मार्ग असेल, तर सुबारूसारखी सतत चालणारी प्रणाली. जीप कंपासच्या ट्रेलहॉक आवृत्तीतील, चाके अगदी हळू पण जोराने फिरवणारे २०:१ चे संथ गिअर गुणोत्तर खडकाळ वाटेवर अमूल्य आहे. कार्यालयाच्या वाटेवर ते कधीच वापरले जाणार नाही.

वापरलेली गाडी घेताना काय तपासावे?

आधी चारही टायरांची कंपनी, माप आणि नक्षीची खोली पाहावी. मागील मालकाने प्रणालीची काळजी घेतली होती का, याचा हा सर्वांत सोपा पुरावा आहे. कपलिंगचे तेल कधी बदलले, याची नोंद मागावी. नंतर कोरड्या, मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून संथ वेगाने दोन्ही दिशांना वर्तुळे काढावीत. गाडी अडखळत, हिसके देत फिरत असेल किंवा मागून घोगरा आवाज येत असेल, तर तेल खराब झालेले असण्याची किंवा क्लच अडकून राहत असण्याची शक्यता असते. केवळ तेल बदलल्याने आवाज जातो का, ते विक्रेत्याच्या खर्चाने करून पाहावे आणि त्यानंतरच व्यवहार पक्का करावा.